घोड्यांच्या जंतांमधील औषधप्रतिकार

एके काळी घोड्याच्या आतड्यातले जंत मारणारे औषध पूर्ण मात्रेत देऊनही जंत तगू लागतात आणि तगण्याचा हा गुण त्यांच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो, तेव्हा त्याला औषधप्रतिकार म्हणतात. बदल होतो तो जंतांच्या जनुकांत. ‘घोड्याला औषधाची सवय झाली’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच चूक आहे.

याची पाळेमुळे एका यशात आहेत. 1966 मध्ये अमेरिकेतील केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी दर सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्या घोड्यांना जंतनाशक देण्याची पद्धत सुचवली. रोख होता स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस या जंतावर. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात, तिथे गुठळ्या होतात आणि जीवघेणी पोटदुखी उद्भवते. हा जंत खरोखरच मागे हटला. पण सायथोस्टोमिन या सुमारे 50 जातींच्या बारीक जंतांमध्ये प्रत्येक मात्रेगणिक औषधाला बळी पडणारे मरत गेले आणि न जुमानणारे तेवढे मागे राहून वाढले. आज बेन्झिमिडॅझोल गटातील औषधे जगाच्या बहुतेक भागांत त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. शिंगरांमधील पॅरास्कॅरिस हा मोठा गोल जंत आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या गटातील जंतनाशकाला दाद देत नसल्याची पहिली नोंद 2002 मध्ये नेदरलँड्समधून आली.

प्रतिकार ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे लीद. औषध देण्याच्या दिवशी आणि 14 दिवसांनी त्याच घोड्यांची ताजी लीद घेतात. ती हवाबंद पिशवीत थंड ठेवावी लागते, नाहीतर अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणीच बिघडते. चार ग्रॅम लीद 26 मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळली की अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. मॅकमास्टर काचपट्टीच्या (अंडी मोजण्यासाठी आखलेले कप्पे असलेल्या पट्टीच्या) दोन्ही कप्प्यांत मोजलेली अंडी 25 ने गुणली की दर ग्रॅममागची संख्या मिळते. आधी 800 आणि नंतर 120 आली, तर घट 85 टक्के. आयव्हरमेक्टिनकडून 99 टक्क्यांहून अधिक घटीची अपेक्षा असते. निष्कर्ष मात्र एका घोड्यावरून न काढता संपूर्ण कळपावरून काढावा.

प्रतिकाराची त्याहून आधी मिळणारी सूचना म्हणजे औषध दिल्यापासून लिदीत अंडी पुन्हा दिसेपर्यंतचा काळ. आयव्हरमेक्टिन नवे असताना हा काळ आठ ते दहा आठवडे होता. आता अनेक कळपांत तो पाच आठवड्यांवर किंवा त्याहूनही खाली आला आहे. चौदाव्या दिवशीची मोजणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

बेन्झिमिडॅझोलबाबत कारणही सापडले आहे: जंताच्या बीटा-ट्युब्युलिन प्रथिनात 200 व्या स्थानी फेनिलॲलानिनऐवजी टायरोसिन आले की औषध तिथे नीट चिकटत नाही. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत असा एकच ठळक बदल हाती लागलेला नाही.

साधारण 20 टक्के प्रौढ घोडे कळपातली 80 टक्के अंडी टाकतात. त्यांनाच औषध दिले, तर बाकीच्या घोड्यांत आणि कुरणात औषध न पाहिलेले जंत टिकून राहतात आणि प्रतिकाराचा वेग मंदावतो. डेन्मार्कने 1999 पासून जंतनाशके पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळणे बंद केले. तिथे निवडक उपचार करणाऱ्या काही तबेल्यांत स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस पुन्हा डोके वर काढताना दिसला. त्याची अंडी सायथोस्टोमिनच्या अंड्यांहून वेगळी ओळखता येत नाहीत; त्यासाठी लिदीत अळ्या वाढवून पाहतात.