काही शे तबकड्यांमागचा इतिहास: हाउस, टेक्नो आणि स्वतंत्र लेबले

हाउस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारांत नवे काय निघाले यावर लक्ष ठेवणाऱ्याला एक गोष्ट लवकरच जाणवते. या संगीताचा गाभा आजही मोठ्या कंपन्यांकडून येत नाही. तो एकदोन माणसांनी चालवलेल्या लहान लेबलांकडून, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या संस्थांकडून, येतो. दोन ते चार ट्रॅक, बारा इंची तबकडीच्या ३०० ते ५०० प्रती आणि सोबत डिजिटल फाइल, एवढाच बहुतेक वेळा त्याचा पसारा असतो. ही रीत केवळ पैशाच्या टंचाईतून पडलेली नाही. तिच्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचताना संगीत कोणी रचले याच्याइतकेच, ते तबकडीवर दाबण्याचे, दुकानांत पोहोचवण्याचे आणि विक्रीचे पैसे परत आणण्याचे काम कोणाच्या हाती होते, हे पाहावे लागते. लेबल काढणे नेहमीच सोपे होते. अडचण कायम या मधल्या टप्प्यात आली.

बारा इंची तबकडी हाउसच्या आधीची, न्यूयॉर्कच्या डिस्कोच्या काळातली. सात इंची तबकडीवर रेडिओला पुरेल एवढे तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे, पण नाचणाऱ्यांना ते पुरत नव्हते. टॉम मोल्टन यांच्यासारख्या ध्वनिमिश्रणकारांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास लांबवलेली गाणी मोठ्या तबकडीवर कोरून घेण्यास सुरुवात केली आणि १९७६ मध्ये साल्सोल या लेबलने अशी पहिली तबकडी सर्वसाधारण विक्रीला आणली. मोठ्या तबकडीवर चर रुंद आणि खोल कोरता येत असल्याने आवाज मोठा होतो आणि खर्ज भरीव उमटतो, हा तिचा खरा फायदा होता. पुढे १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांदरम्यान डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. त्या प्रकारातला रोष निव्वळ एका संगीतप्रकारावर होता असे मानणे मला कठीण वाटते, कारण ते संगीत प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजाच्या नृत्यगृहांतून वर आले होते. मोठ्या कंपन्यांनी लवकरच डिस्कोतून अंग काढून घेतले. नाचणारे मात्र कुठेच गेले नव्हते.

त्याच शिकागोत १९७७ पासून ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू होता आणि न्यूयॉर्कहून आलेले फ्रँकी नकल्स तिथे डीजे होते. हाउस हे नाव याच क्लबवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. नव्या डिस्को तबकड्या येणे थांबल्यावर नकल्स जुन्या गाण्यांचे तुकडे टेपवर जोडून लांबवत आणि खाली ड्रम मशीनचा ठेका धरत. पुढे रॉन हार्डी यांनी ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबमध्ये हेच काम अधिक आक्रमकपणे केले. याच सुमारास रोलँड या जपानी कंपनीची काही यंत्रे बाजारात पडून होती. १९८० ची टीआर-८०८ ही ड्रम मशीन खऱ्या ड्रमसारखी वाजत नाही म्हणून, आणि १९८१ ची टीबी-३०३ ही खर्जाचे सूर काढणारी मशीन खऱ्या बास गिटारसारखी वाजत नाही म्हणून वादकांनी नाकारली होती. उत्पादन बंद झाल्यावर ही यंत्रे जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि स्टुडिओचे भाडे न परवडणाऱ्या तरुणांना घरच्या घरी संगीत करता येऊ लागले.

जेसी सॉन्डर्स यांची ‘ऑन अँड ऑन’ ही १९८४ ची तबकडी अनेक इतिहासकार हाउसची पहिली तबकडी मानतात. ती सॉन्डर्स यांनी व्हिन्स लॉरेन्स यांच्यासह स्वतःच्याच लहानशा लेबलवर काढली. तबकडी दाबण्यासाठी मात्र त्यांना शहरात कारखाना चालवणाऱ्या लॅरी शर्मन यांच्याकडे जावे लागले. आपल्या यंत्रांवर दाबलेला हा माल इतक्या झपाट्याने खपतो हे शर्मन यांच्या लगेच ध्यानात आले आणि त्यातून ट्रॅक्स रेकॉर्ड्स हे लेबल उभे राहिले. त्यापाठोपाठ रॉकी जोन्स यांचे डीजे इंटरनॅशनल हे लेबल आले. पुढच्या तीन-चार वर्षांत शिकागो हाउसचा बहुतेक ऐवज याच दोन दारांतून बाहेर पडला.

ट्रॅक्सच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला त्यांतली खरखर परिचित असते. जुन्या, न खपलेल्या तबकड्या वितळवून त्याच प्लास्टिकवर नवे संगीत दाबले जात असल्याचे अनेकांनी सांगितले आहे. याचा अर्थ लेबलला गुणवत्तेची पर्वा नव्हती, हे तर खरेच. पण त्याचबरोबर संगीत आणि बाजार यांच्यातले अंतर तेव्हा किती कमी होते हेही त्यातून दिसते. फ्युचर या त्रयीने टीबी-३०३ ची बटणे तिच्या रचनाकारांना अभिप्रेत नसलेल्या रीतीने फिरवून एक टेप तयार केली आणि ती रॉन हार्डी यांना दिली. हार्डी यांनी ती एकाच रात्री चार वेळा वाजवली, आणि सुरुवातीला थबकलेले लोक अखेरीस बेभान होऊन नाचले, अशी ती हकिकत सांगितली जाते. १९८७ मध्ये तेच संगीत ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने तबकडीवर आले. ट्रॅक आधी क्लबमध्ये पारखला जायचा आणि मग छापला जायचा, हा क्रम तिथे रुजला. आजही कित्येक लेबले याच क्रमाने चालतात.

या जवळिकीची दुसरी बाजू हिशेबात दिसते. कारखाना, लेबल आणि वितरण एकाच हाती असल्याने किती प्रती दाबल्या आणि किती विकल्या हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन कलाकाराकडे नव्हते. अनेकांनी ठरावीक रकमेला टेप देऊन टाकली. त्यांपैकी काही रचना इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाल्या, १९८७ च्या जानेवारीत तर स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली यांची रचना तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शिकागोतल्या बऱ्याच संगीतकारांच्या मनात राहिलेली खंत याच काळातली आहे.

डेट्रॉइटमध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. बेलव्हिल या उपनगरात शाळेपासूनची ओळख असलेले हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांच्यापैकी अ‍ॅटकिन्स यांनी १९८१ मध्येच, रिचर्ड डेव्हिस यांच्यासोबतच्या सायबोट्रॉन या जोडीची पहिली तबकडी स्वतःच्या लेबलवर काढली होती. १९८५ मध्ये त्यांनी मेट्रोप्लेक्स सुरू केले, १९८६ मध्ये मे यांनी ट्रान्समॅट आणि त्यानंतर सॉन्डरसन यांनी केएमएस. तिघे मित्र आणि तीन लेबले, अशी ही मांडणी होती; कोणी कोणाच्या दारात टेप घेऊन उभे राहण्याचा प्रश्नच आला नाही. टेक्नो हे नाव मात्र परदेशातील एका संकलनामुळे रूढ झाले. १९८८ मध्ये व्हर्जिनच्या एका उपलेबलने लंडनमधून डेट्रॉइटच्या संगीताचे संकलन काढले. आधी त्याच्या नावात ‘हाउस’ हा शब्द येणार होता, पण अ‍ॅटकिन्स यांच्या एका रचनेच्या नावामुळे तो बदलून ‘टेक्नो’ झाला.

त्यापुढची पिढी अधिक जागरूक निघाली. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी दशकाच्या वळणावर अंडरग्राउंड रेझिस्टन्स हे लेबल उभे केले आणि लवकरच रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाले. चेहरे झाकलेली छायाचित्रे, मोजका मजकूर आणि मोठ्या कंपन्यांशी व्यवहार न करण्याचा उघड निर्धार ही त्यांची ओळख ठरली. मला मात्र त्यांच्या कामातला सर्वांत दूरदर्शी भाग कमी नाट्यमय वाटणारा दिसतो: १९९२ मध्ये त्यांनी सबमर्ज ही वितरणसंस्था सुरू केली, जिच्यातून शहरातील कितीतरी लहान लेबलांचा माल थेट परदेशी दुकानांत जाऊ लागला. मूळ चर कोरण्याचे काम रॉन मर्फी आपल्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनमध्ये करत, आणि १९६५ पासून चालत आलेला आर्चर हा कौटुंबिक कारखाना तबकड्या दाबून देई. संगीतकार, कोरणारा, दाबणारा आणि वितरक हे सगळे एकाच शहरात आणि एकमेकांच्या ओळखीचे असल्यामुळे प्रयोगही शक्य झाले. सुई एकाच वर्तुळात अखंड फिरत राहील असे बंद चर कोरून घेण्याची हौस मिल्स यांनी मर्फी यांच्याच यंत्रावर भागवली, आणि चरांच्या शेवटी, मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले छोटे संदेश ही तर डेट्रॉइटच्या तबकड्यांची खूणच बनली.

या स्वतःच्या जाळ्याची कसोटी १९९९ मध्ये लागली. डीजे रोलँडो यांनी अंडरग्राउंड रेझिस्टन्सवर काढलेली रचना युरोपभर गाजल्यावर सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी न घेता तिची हुबेहूब आवृत्ती बनवून घेतली. लेबलने आणि जगभरच्या चाहत्यांनी ईमेलद्वारे इतका निषेध नोंदवला की सोनीला माघार घ्यावी लागली.

युरोपात लेबलांचा जन्म बहुधा दुकानाच्या गल्ल्यामागे झाला. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात एका रेकॉर्ड दुकानातून १९८९ मध्ये वॉर्प हे लेबल निघाले आणि त्याच्या पहिल्या तबकडीच्या ५०० प्रती दाबल्या गेल्या. बर्लिनमध्ये त्याच वर्षी, भिंत पडल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्क एर्नेस्टस यांनी हार्ड वॅक्स हे दुकान उघडले. कोलोनचे कोम्पाक्ट हे दुकान १९९३ चे आणि त्याचे लेबल १९९८ चे. दुकानदाराला कोणता डीजे काय शोधतो हे रोज दिसते, त्यामुळे किती प्रती काढाव्यात याचा त्याचा अंदाज फारसा चुकत नाही. बर्लिनमधील ट्रेझर हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीत सुरू झाला आणि त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या लेबलची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या बँक्स, मिल्स आणि हूड यांची होती. एर्नेस्टस आणि मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनेल हे लेबल सुरू केले आणि १९९५ मध्ये चर कोरण्याचा स्वतःचा स्टुडिओही उभारला. डेट्रॉइटने दाखवलेली वाट त्यांनी आपल्या शहरात पुन्हा घातली, असेच म्हणावे लागेल.

१९९० च्या दशकातल्या भरभराटीमागे वितरकांचा एक करार होता, ज्याची चर्चा फार होत नाही. वितरक तबकडी दाबण्याचा खर्च आधी स्वतः करी, विक्रीतून तो वळता करून घेई आणि उरलेले लेबलला देई. त्यामुळे भांडवल नसलेल्या माणसालाही केवळ चांगल्या टेपच्या बळावर लेबल चालवता आले. परंतु वितरक बुडाला की त्याच्या गोदामातला साठा आणि थकलेले पैसे, दोन्ही अडकत. २००८ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडचा पिनॅकल हा मोठा स्वतंत्र वितरक दिवाळखोरीत गेला तेव्हा शेकडो लेबलांवर ही वेळ आली.

तोवर तबकडीचे स्थानही डळमळले होते. २००१ च्या आसपास पायोनियरचा सीडीजे-१००० हा डीजेंसाठीचा सीडी प्लेयर आणि संगणकातील फाइल तबकडीच्या साह्याने हाताळू देणारी फायनल स्क्रॅच ही प्रणाली आली. २००४ मध्ये डेन्व्हरमधून बीटपोर्ट हे डीजेंसाठीचे डिजिटल दुकान सुरू झाले. कारखान्याचा खर्च गेला, तशी निवडीची चाळणीही गेली. ५०० तबकड्यांचे पैसे गुंतवणारा माणूस ट्रॅक दहा वेळा ऐकून पाहत असे. फाइल चढवणाऱ्याला तशी सक्ती उरली नाही. काही लेबलांनी मुद्दाम तबकडीपुरतेच राहायचे ठरवले ते या पार्श्वभूमीवर. त्याला स्मरणरंजन म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मर्यादित प्रतींमुळे खर्च आधीच ठाऊक असतो आणि घेणारे साधारण कोण हेही. पुढे तबकड्यांना पुन्हा मागणी आली, मोठ्या कंपन्या आपली जुनी यादी दाबून घेण्यासाठी त्याच कारखान्यांकडे वळल्या आणि लहान लेबलांना महिनोन्‌महिने थांबावे लागू लागले. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला, तेव्हा चर कोरण्यासाठी लागणाऱ्या लॅकरच्या चकत्या बनवणारा जगात प्रामुख्याने एकच कारखाना, जपानमधला, उरला.

आजच्या लहान लेबलांचा मोठा आधार म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेले बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ. डिजिटल विक्रीवर सुरुवातीला १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीवर १० टक्के कापून उरलेली रक्कम ते लेबलला देते, आणि विकत घेणाऱ्याशी लेबलचा थेट संबंधही राहतो. शुक्रवार, २० मार्च २०२० रोजी, कोविडमुळे क्लब बंद पडले असताना, त्याने एक दिवस आपला वाटा सोडून दिला आणि पुढे अशा शुक्रवारांची प्रथाच पडली. तुलनेने, २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला काहीच मोबदला मिळत नाही. ३०० प्रतींच्या जगात हा उंबरठा लहान नव्हे. पण बँडकॅम्पही २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीकडे आणि २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीकडे गेले, आणि या दुसऱ्या हस्तांतरात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना कामावरून जावे लागले. तेव्हापासून अनेक लेबले स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री आणि ग्राहकांची स्वतःची यादी या दोन्ही गोष्टी सांभाळू लागली आहेत.

शिकागोचा जुना हिशेबही अलीकडेच पुन्हा उघडला गेला. तिथले संगीतकार लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांनी १९८० च्या दशकातील आपल्या रचनांसाठी २०२० मध्ये ट्रॅक्सविरुद्ध दावा दाखल केला आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन त्या रचनांचे हक्क त्यांना परत मिळाले. नव्या लेबलांच्या करारांत आज सर्रास दिसणारी कलमे, म्हणजे खर्च वजा जाता नफ्याची निम्मी वाटणी, ठरावीक वर्षांपुरताच परवाना आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कलाकाराकडेच, ही अशाच अनुभवांतून आलेली आहेत.