अपग्रेडनंतर आवडती सोय दिसेनाशी झाली? आधी हे वाचा

नमस्कार,

ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा मॅकओएस) अपग्रेड केल्यावर आमच्याकडे येणारे ग्राहक बहुतेक वेळा दबक्या आवाजात सुरुवात करतात : “माझ्याच हातून काहीतरी बिघडलं बहुतेक.” तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नसतं. वर्षानुवर्षं ज्या जागी बोट आपोआप जायचं, तिथलं बटण काढून टाकण्याचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो. त्याने कामाचा वेग मंदावतो आणि चिडचिड होते. “होईल सवय” एवढं म्हणून आम्ही तुम्हाला परत पाठवणार नाही.

सगळ्यात आधी तारीख बघा

अपग्रेड कधी झालं, हे आम्ही सर्वांत आधी विचारतो. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर जुन्या आवृत्तीकडे परतण्यासाठी साधारण १० दिवस मिळतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात रिकव्हरी उघडलं की ‘गो बॅक’ हे बटण दिसतं. जुनी सिस्टीम तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. मुदत संपली की हा फोल्डर आपोआप पुसला जातो. डिस्कवर जागा करायची म्हणून तो तुम्ही स्वतःच उडवलात, तर परतीची वाट त्याच दिवशी बंद होते. म्हणून पहिले काही दिवस साफसफाई करू नका. ही मुदत एका कमांडने (टाइप करून दिलेल्या आदेशाने) ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती कमांड पहिली मुदत संपायच्या आत द्यावी लागते. परत जाताना अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात. तुमच्या फाइली जागेवर राहतात, तरीही बॅकअप घेतल्याशिवाय आम्ही या कामाला हात लावत नाही.

मॅकवर असं बटण नाही. तिथे बहुतेक वेळा डिस्क पूर्ण पुसून जुनी आवृत्ती नव्याने टाकावी लागते. त्यामुळे मॅकच्या बाबतीत बॅकअप अपग्रेडच्या आधीच घेतलेला हवा.

सोय गेली आहे की लपली आहे?

पुष्कळदा ती लपलेलीच असते. मॅकमधल्या ‘सेव्ह अ‍ॅज’चंच बघा. २०११ च्या लायन आवृत्तीत ते मेनूतून गेलं आणि त्याच्या जागी ‘डुप्लिकेट’ आलं. पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ते परत आलं, पण आडोशाला : फाइल मेनू उघडून ऑप्शन की दाबून धरली की ‘डुप्लिकेट’च्या जागी ‘सेव्ह अ‍ॅज’ दिसतं. हे कुणी दाखवलं नाही तर माणूस वर्षानुवर्षं शोधत राहील.

काही सोयी खरोखर जातात आणि कालांतराने परत येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा टास्कबारवर (स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर) प्रत्येक खिडकी नावासकट वेगळी दिसण्याचा पर्याय त्यात नव्हता. एका वेळी आठ-दहा फाइली उघड्या ठेवून काम करणाऱ्यांची त्यामुळे फार अडचण झाली. वापरणाऱ्यांनी सतत मागणी केली आणि २०२३ मध्ये तो पर्याय परत आला. म्हणून विंडोजमध्ये ‘फीडबॅक हब’ उघडून (विंडोज की आणि एफ) आपली अडचण नोंदवा, असं आम्ही मनापासून सांगतो.

आणि काही गोष्टी कायमच्या जातात. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२ बिटचे (जुन्या बांधणीचे) प्रोग्रॅम चालत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच (नव्या बांधणीत) येतं, त्यामुळे फार जुने १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर थेट सुरू होत नाहीत. इथे सेटिंग्ज धुंडाळण्यात वेळ घालवू नका. अशा प्रोग्रॅमसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) जुनी सिस्टीम बसवता येते, किंवा एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामासाठी ठेवता येतो. कामाचा सगळा भार अशा एखाद्या प्रोग्रॅमवर असेल, तर त्यातला डेटा आजच्या एखाद्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा.

जुना मेनू किंवा टास्कबार परत आणून देणारी छोटी सॉफ्टवेअर्सही मिळतात. काही चांगली आहेत. पण ती सिस्टीमच्या आतल्या भागात फेरफार करतात, त्यामुळे एखाद्या मोठ्या अपडेटनंतर स्क्रीन नीट न उघडण्याचा धोका असतो. टाकायचंच असेल तर ते मूळ निर्मात्याच्याच साइटवरून घ्या.

“मग अपग्रेडच नको,” असंही काही जण म्हणतात. आम्हाला ते पटतं, पण तसा सल्ला देता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे अपडेट मिळत नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.

अपग्रेड अजून व्हायचं असेल तर आठवडाभर एक कागद जवळ ठेवा आणि रोज वापरता त्या सोयी, शॉर्टकट, प्रिंटर, स्कॅनर लिहीत जा. तो कागद घेऊन या, त्यातलं काय टिकेल आणि काय जाईल ते आपण आधीच बघू. अपग्रेड होऊन गेलं असेल, तर हरवलेल्या सोयीचं नाव आठवलं नाही तरी चालेल, तुम्ही ती कशासाठी वापरत होतात एवढं सांगा. आणि १० दिवस उलटले नसतील, तर फोनवर तेच सगळ्यात आधी सांगा.