तारीख कोण ठरवतं? कंपन्यांच्या डिजिटल बदलातल्या नेतृत्वाची पार्श्वभूमी

कंपनीत नवी संगणक प्रणाली आणायचं ठरलं की वरची मंडळी सहसा दोन कामं करतात. बजेट मंजूर करतात आणि तारीख जाहीर करतात. उरलेलं ‘आयटी बघून घेईल’. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की पहिल्यापासून असंच चालत आलं असावं, असं वाटतं. पण व्यवसायासाठी संगणक वापरायला सुरुवात झाली ती नेमकी याच्या उलट पद्धतीने.

जे. लायन्स ही ब्रिटनमधली चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी. कचेरीतल्या कामाची चिकित्सा करणारा स्वतंत्र विभाग तिथे १९३० च्या दशकापासूनच होता. हा फॉर्म कशासाठी भरायचा, ही नोंद दोन ठिकाणी का करायची, असे प्रश्न विचारणं हेच त्या विभागाचं काम. त्यामागे जॉन सिमन्स हे वरिष्ठ अधिकारी होते, मूळचे गणिती. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी कचेरीतली नवी यंत्रं बघायला अमेरिकेला गेले. केंब्रिज विद्यापीठात संगणक तयार होतो आहे, हे त्यांना तिथे कळलं. लायन्सने त्या प्रकल्पाला पैसे दिले आणि मग त्याच धर्तीवर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचं मूल्यांकन सुरू झालं, आणि १९५४ पर्यंत पगारपत्रकंही त्यावर होऊ लागली. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. यंत्र येण्याआधी वीसेक वर्षं कंपनीने कामाच्या पायऱ्या घासूनपुसून घेतल्या होत्या, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

अमेरिकन एअरलाइन्सची कहाणीही याच वळणाची. एका आरक्षणाची सगळी प्रक्रिया तेव्हा सरासरी दीड तास खायची. कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांची १९५३ मध्ये विमानप्रवासात आयबीएमच्या एका विक्री अधिकाऱ्याशी गाठ पडली आणि त्यातून पुढे ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली उभी राहिली. ती पूर्णपणे कामाला लागायला १९६४ उजाडलं. एवढी वर्षं प्रकल्प टिकला, कारण त्याच्या पाठीशी अध्यक्ष होते.

यानंतर मात्र सूत्रं हळूहळू खाली सरकली. संगणकाची पहिली कामं पगाराची आणि खातेवह्यांची. म्हणून संगणक विभाग लेखा प्रमुखाच्या हाताखाली गेला, तळमजल्यावरच्या वातानुकूलित खोलीत बसला आणि वरच्यांच्या नजरेआड झाला. माहितीची जबाबदारी घेणारा एक अधिकारी थेट मुख्याधिकाऱ्याच्या बरोबरीने बसावा, ही कल्पना १९८१ मध्ये बँक ऑफ बोस्टनमधल्या विल्यम सिनॉट यांनी एका सहलेखकासोबत मांडली. आजचं ‘सीआयओ’ (मुख्य माहिती अधिकारी) हे पद तिथून रूढ झालं. पद आलं, पण अधिकार प्रत्येक ठिकाणी आला नाही. विक्री विभागाने आपली जुनी पद्धत सोडायला नकार दिला, तर सीआयओ काय करणार? त्याच्याकडे सर्व्हर असतात, विक्री विभाग नसतो.

१९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा टोला मारला. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये त्याला उत्तर दिलं ते विजेच्या इतिहासातून. एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता झपाट्याने वाढली ती १९२० च्या दशकात. मधल्या काळात मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी विजेची मोटर बसवली. सगळी यंत्रं एकत्र फिरवणारा छताखालचा लांब दांडा आणि त्यावरून यंत्रांकडे उतरणारे पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली, दांडा गेला, एकमजली इमारती आल्या आणि कामाच्या क्रमाने यंत्रं मांडता येऊ लागली, तेव्हा कुठे फायदा दिसला. इमारत पाडून नवी बांधायची की नाही, हे वीजतंत्री ठरवत नाही.

१९९० मध्येच व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी फोर्ड या मोटार कंपनीच्या देणी विभागाचं, म्हणजे पुरवठादारांचे पैसे चुकते करणाऱ्या विभागाचं, उदाहरण पुढे आणलं. ते नीट बघण्यासारखं आहे. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या या विभागात पाचशेच्या वर माणसं होती. संगणक आणून त्यातली २० टक्के कमी करायचा बेत होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माझदा या जपानी मोटार कंपनीत हेच काम पाच जण करतात. माझदा लहान आहे हे धरूनही तफावत डोळ्यांत भरणारी होती. फोर्डमध्ये खरेदी विभागाची ऑर्डर, गोदामाची माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं इनव्हॉइस या तीन कागदांवरच्या १४ बाबी जुळल्या तरच पैसे सुटत. विभागाचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांचा पाठपुरावा करण्यात जाई. हे जुळवणं संगणकावर आणलं असतं, तर न जुळणारे कागद अधिक वेगाने सापडले असते, एवढंच.

फोर्डने इनव्हॉइसच बंद केलं. ऑर्डर सामायिक डेटाबेसमध्ये जाते. माल आला की गोदामातला माणूस पडद्यावर तपासतो. ऑर्डरशी जुळला तर स्वीकारतो, नाहीतर परत पाठवतो. स्वीकारल्याक्षणी पैसे देणं लागू होतं. जुळवायच्या बाबी उरल्या तीन: भाग क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा संकेतांक. मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटलं. पण या बदलासाठी खरेदी विभागाला, गोदामाला आणि शेकडो पुरवठादारांना वागणूक बदलायला लावावी लागली. देणी विभागाच्या प्रमुखाला यातलं एकही दार उघडता आलं नसतं. तीन विभागांच्या वर बसलेल्या माणसाचंच हे काम.

१९९० च्या दशकात ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर प्रणाली, आली आणि सगळे विभाग एकाच प्रणालीत बांधले जाऊ लागले. इथे तारखेचा प्रश्न ऐरणीवर आला. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम सुरू केली. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवलं होतं, कारण २००० सालाच्या तारीख-घोळाआधी (जुने संगणक सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवत, त्यामुळे २००० साल चुकीचं वाचलं जाण्याची भीती होती) जुनी प्रणाली बंद करायची होती. एप्रिलचा मुहूर्त हुकून जुलै आला, म्हणजे हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणासाठी चॉकलेटच्या मागणीचा हंगाम तोंडावर आलेला. गर्दीच्या दिवसांत माल जिथे जागा मिळेल तिथे ठेवायची गोदामांची सवय होती, आणि त्या जागा नव्या प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या. माल होता, पण संगणकाच्या लेखी नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुरवता आल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. सॉफ्टवेअर चुकलं म्हणावं असं यात फारसं काही नाही. हंगामाच्या तोंडावर तिन्ही एकदम सुरू करायचं कुणी मान्य केलं, हा खरा प्रश्न.

२०१० नंतर ‘डिजिटल’ हा शब्द आला आणि मुख्याधिकारी पुन्हा मैदानात उतरले, निदान भाषणांत तरी. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी उद्योगसमूहाने २०१५ मध्ये जीई डिजिटल हे वेगळं खातं उभं केलं, पण त्याच्यावर तिमाही नफ्यातोट्याची जबाबदारीही टाकली. मग लांब पल्ल्याच्या कामापेक्षा घरच्याच विभागांची लगेच पैसे देणारी कामं करण्यात ते गुंतलं. वेगळं खातं काढणाऱ्याने त्याचं पहिल्या दोन-तीन वर्षांचं यश कशावर मोजायचं, हे आधी ठरवायला हवं. आयएनजी बँकेने त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या मुख्यालयातल्या सुमारे ३५०० लोकांची नऊ-नऊ जणांच्या बहुविभागीय गटांत फेरमांडणी केली. तिथे सॉफ्टवेअरइतकाच मधल्या व्यवस्थापकांच्या हुद्द्यांनाही हात लागला.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं एप्रिल २०१८ मधलं स्थलांतर या सगळ्यात सर्वाधिक तपशिलाने नोंदलं गेलं आहे. ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी एकदम नव्या प्रणालीवर नेली आणि १९ लाख लोक आपल्या खात्यांबाहेर अडकले. मूळ मुहूर्त नोव्हेंबर २०१७ चा होता. तो पुढे ढकलला तेव्हा काही कामं सात महिने मागे होती. तरी चारेक महिन्यांत सगळं तयार कसं होईल, हे संचालक मंडळाने धसास लावून विचारलं नाही, असा निष्कर्ष स्वतंत्र चौकशीने काढला. दोन डेटा सेंटरांपैकी भार-चाचणी (एकाच वेळी अनेक ग्राहक आले तर यंत्रणा टिकते का, याची तपासणी) एकाचीच झाली होती. सगळं तयार असल्याची ग्वाही मुख्य पुरवठादाराने दिली होती. पण त्याच्या मागे आणखी ८५ पुरवठादार होते, आणि त्यांची तयारी गृहीत धरलेली होती.

म्हणून सुरुवातीच्या मुहूर्तावर शिक्कामोर्तब करणाऱ्या बैठकीत ‘तयार आहात का?’ हा प्रश्न कुचकामी असतो. त्याचं उत्तर ‘हो’च येतं. कुठली चाचणी, कुठल्या यंत्रावर, किती भाराने, कुठल्या तारखेला झाली, हे विचारावं. कुठल्या पुरवठादाराचं ‘तयार आहोत’ हे पुढच्या कामाच्या भरवशावर आहे आणि कुणाचं झालेल्या चाचणीवर, हे वेगळं काढावं. जुन्या प्रणालीवर परत जायची शेवटची वेळ कोणती, आणि तो निर्णय कोण एकटा घेऊ शकतो, हे आधी कागदावर हवं. अर्धे ग्राहक नव्या बाजूला गेल्यावर परतीची वाट बहुधा बंद झालेली असते.

टीएसबीला डिसेंबर २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला. पुढच्या एप्रिलमध्ये बँकेच्या तत्कालीन सीआयओंना वैयक्तिक ८१,६२० पौंड भरावे लागले, पुरवठादाराच्या ग्वाहीची पुरेशी शहानिशा केली नाही म्हणून. सिंगापूरच्या डीबीएस बँकेत २०२३ मध्ये डिजिटल सेवा वारंवार बंद पडल्या, तेव्हा नियामकाने सहा महिने नवे व्यवसाय हाती घ्यायला मनाई केली आणि आधी आहे ते दुरुस्त करायला लावलं. बँकेने आपल्या मुख्याधिकाऱ्याचा त्या वर्षीचा बदलता (पक्क्या पगाराव्यतिरिक्तचा) मेहनताना ३० टक्क्यांनी कापला, आणि वरिष्ठ व्यवस्थापन समितीच्या मेहनतान्यालाही कात्री लावली.