०.०१ टक्के, पण किती वॅटला?

गंगापूर रोडवरच्या एखाद्या दालनात उंची अ‍ॅम्प्लिफायर पाहायला गेलेल्या नाशिककराच्या हाती जे माहितीपत्रक पडते, त्यात ‘एकूण हार्मोनिक विकृती ०.०१ टक्के’ असा आकडा बहुधा असतोच. यंत्राने पदरचे मिसळलेले स्वर मूळ स्वराच्या ८० डेसिबल खाली आहेत, असा त्याचा अर्थ. आकडा खरा असला तरी तो किती वॅटला मोजला आणि मिसळलेले स्वर नेमके कोणते, हे कळल्याशिवाय त्यावरून आवाजाची पारख होत नाही.

यातला दुसरा प्रश्न तानपुरा ऐकणाऱ्याला लगेच उमगेल. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा हार्मोनिक म्हणजे वरचा षड्ज, तिपटीचा पंचम आणि पाचपटीचा गंधार. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार तो हाच. खालचे हार्मोनिक किंचित वाढले तरी मूळ स्वरात मिसळून जातात, शिवाय मोठा स्वर आपल्या लगतच्या लहान स्वराला कानाआड करतो. सातवा मात्र कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो, अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे पडतो, आणि हे स्वर मूळ स्वरापासून इतके दूर असतात की ते सहज झाकले जात नाहीत. म्हणूनच बीबीसीचे अभियंते डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्ये असे सुचवले होते की, प्रत्येक हार्मोनिकाला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वजन द्यावे. एकत्रित टक्केवारीत हा भेद दिसत नाही. त्यासाठी कोणता हार्मोनिक किती आहे हे दाखवणारा संपूर्ण वर्णपटाचा आलेखच पाहावा लागतो.

वॅटचा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना लहर शून्यापाशी किंचित मोडते. मोठ्या आवाजात हा मोड टक्केवारीत नगण्य ठरतो. आवाज कमी केल्यावर मात्र लहर आकसते आणि मोड जवळजवळ तेवढाच राहतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर एक दशांश वॅटलाही एक मीटरवर ७७ डेसिबल देतो, म्हणजे घरी आलाप ऐकताना यंत्र एका वॅटच्या आतच चालत असते. १०० वॅटला घेतलेले मोजमाप तिथे फारसे उपयोगाचे नाही. शिवाय हा मोड कमी करण्यासाठी ट्रान्झिस्टरांमधून सतत वाहता ठेवलेला बायस करंट तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या नाशिकसारख्या गावासाठी तापलेल्या यंत्रावरचे मोजमाप थंड यंत्रावरच्या मोजमापाइतकेच आवश्यक आहे.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून देणाऱ्या मंडलात, तर कॅपॅसिटर-कॉइल मोजणारा साधा एलसीआर मीटरही बरेच काही सांगून जातो. आठ ओहमच्या ट्वीटरकडे, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे, जाणारे २,५०० हर्ट्झखालचे स्वर साध्या रचनेत तोडायचे तर सुमारे ८ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो. कॅपॅसिटरला दहा टक्के कमी-जास्तीची मुभा असेल, तर एका बाजूला ७.२ आणि दुसऱ्या बाजूला ८.८ येऊ शकतो, आणि तोडीचा बिंदू एकीकडे २,७६० हर्ट्झच्या आसपास, दुसरीकडे २,२६० च्या आसपास जातो. डाव्या-उजव्या बाजूंसाठी मोजून जोड्या लावणे हाच यावरचा उपाय, आणि माझ्या मते महागड्या वायरींपेक्षा पैसा व वेळ इथे खर्च करावा.

शेवटचा निवाडा कानांनी करण्यात काहीच गैर नाही, परंतु किंचित मोठा आवाज माणसाला अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी लागते.