वेल्डिंगमध्ये जॉब का वाकतो आणि शंभर नग सारखे कसे येतात

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, भोसरी एमआयडीसी, पुणे

नमस्कार. नवीन चौकशी आली की ड्रॉइंगसोबत बहुतेक वेळा एक वाक्य येतं : "जॉबला (वेल्ड करून बनवायच्या भागाला) वाक अजिबात चालणार नाही." त्यावर आमचं उत्तर सुरुवातीलाच देतो. वेल्डिंगची उष्णता लोखंडाला ओढणारच. हे ओढणं शून्यावर आणता येत नाही. पण ते किती आणि कुठल्या बाजूला येणार हे आधी ओळखता येतं, आणि पहिल्या नगापासून पाचशेव्या नगापर्यंत सारखं ठेवता येतं. असेंब्लीसाठी तुम्हाला खरं तर हेच हवं असतं. त्यातला निम्मा भाग आमच्या हातात आहे आणि निम्मा तुमच्या ड्रॉइंगमध्ये. म्हणून हे पत्रक.

लोखंड ओढतं म्हणजे काय होतं

गावाकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवली की फुगते आणि चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आकसते आणि लाकडाचे सगळे सांधे करकचून आवळते. तेच बळ वेल्डिंगमध्येही काम करतं, फक्त आपल्याला नको तिथे.

एक मीटर लांबीचं साधं एमएस (माइल्ड स्टील) १०० अंशांनी तापलं की सुमारे १.२ मिमी वाढतं. सगळा जॉब एकसारखा तापला आणि एकसारखा थंड झाला, तर तो जसा होता तसा परत येईल. वेल्डिंगमध्ये तसं होत नाही. साधारण १५०० अंशांना वितळलेली एक बारीक पट्टी, आणि तिच्यापासून चार बोटांवर हात लावता येईल इतकी थंड प्लेट. तापलेली पट्टी फुगू बघते, पण शेजारचं थंड लोखंड तिला जागा देत नाही. गरम लोखंड मऊ असतं, त्यामुळे ते जागच्या जागी दबतं. थंड होताना ते त्या दबलेल्या मापापासून पुढे आकसतं आणि शेजारच्याला सोबत ओढतं. याला फार मोठा फरक लागत नाही. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या ई २५० ग्रेडच्या प्लेटमध्ये दोन भागांच्या तापमानात १०० अंशांच्या आसपास फरक पडला आणि फुगायला वाव नसला, तर धातू कायमचा दबायला लागतो.

याचे परिणाम तीन तऱ्हांनी दिसतात. लांबी-रुंदी कमी भरते. कोन मिटतो, म्हणजे उभी प्लेट वेल्डच्या बाजूला झुकते. आणि लांब फ्रेमला पीळ बसतो. कोनाचं मिटणं सर्वांत फसवं असतं. एका अंशाचा झुकाव डोळ्यांना दिसतही नाही, पण १०० मिमी उंचीवर त्याचं टोक १.७५ मिमी सरकलेलं असतं, आणि बोल्ट शिरत नाही.

"भरपूर वेल्ड मारा" हे महागात पडतं

जास्त वेल्ड म्हणजे जास्त मजबुती, हा समज आम्ही कळकळीने दूर करू इच्छितो. फिलेट वेल्डचा, म्हणजे दोन प्लेटींच्या कोपऱ्यात भरलेल्या वेल्डचा, आडवा छेद त्रिकोणी असतो. ४ मिमीच्या फिलेटमध्ये ८ चौरस मिमी धातू भरला जातो, ६ मिमीमध्ये १८ आणि ८ मिमीमध्ये ३२. म्हणजे चारऐवजी सहा लिहिलं की तार, गॅस, वेळ आणि उष्णता सव्वादोन पट होते. वरच्या भाराला चार पुरत असेल, तर तो जादा धातू जॉब वाकवण्याखेरीज काहीच करत नाही.

चाकण-रांजणगावच्या परदेशी कंपन्यांची ड्रॉइंग येतात, तिथे आणखी एक घोटाळा होतो. वेल्डच्या मापाआधी कधी 'ए' हे अक्षर असतं, कधी 'झेड'. 'ए' म्हणजे वेल्डच्या गळ्याची जाडी, 'झेड' म्हणजे पायाची लांबी. ए ५ लिहिलं असेल तर पाय ७ मिमीचा लागतो. झेड ५ ला पाचच. दोन्हींतल्या धातूत दुपटीचा फरक आहे. अक्षर नसेल तर आम्ही फोन करून विचारतो. त्याचा कृपया राग मानू नका, कारण अंदाजाने एक बाजू धरली तर एकीकडे जॉब कमजोर होतो आणि दुसरीकडे वाकडा.

सांध्यातल्या फटीचंही असंच आहे. प्लेट गॅसने कापलेली असेल आणि फट कुठे शून्य, कुठे २ मिमी असेल, तर वेल्डर जिथे फट तिथे जास्त भरतो आणि प्रत्येक नग वेगळा ओढला जातो. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या जॉबसाठी आम्ही लेझर कटिंगचा आग्रह धरतो तो यासाठी. शक्य असेल तिथे एका प्लेटला जीभ आणि दुसरीला खाच देतो, म्हणजे भाग आपोआप जागेवर बसतात.

जिथे पाणी-तेल अडवायचं नाही आणि जॉब सतत थरथरणारा नाही, तिथे सलग वेल्डऐवजी तुकड्यांचा वेल्ड चालू शकतो. ५० मिमी वेल्ड, १०० मिमी मोकळं, असा. मात्र उघड्यावर राहणाऱ्या जॉबला मधल्या फटीत पाणी शिरून गंज धरतो, तिथे आम्ही स्वतःच नको म्हणतो. ड्रॉइंगवरच्या वेल्डच्या चिन्हावर सवयीने 'चहूबाजूंनी वेल्ड'चं छोटं वर्तुळ काढलेलं असेल, तर ते खरंच हवं आहे का, हे एकदा डिझाइनवाल्यांना विचारून घ्या.

एक ब्रॅकेट जवळून

१० मिमीची बेसप्लेट आणि तिच्यावर ८ मिमीची उभी प्लेट, १२० मिमी उंच. वेल्डला जागा एकाच बाजूने, कारण दुसऱ्या बाजूला मोटर बसते. सरळ गुण्याला लावून वेल्ड केलं तर थंड झाल्यावर वरचं टोक वेल्डच्या बाजूला येतं, आणि बेसप्लेटच्या कडाही किंचित उचलल्या जातात. मग काही जण घण मारून किंवा प्रेसवर दाबून ते सरळ करतात. एखाद-दुसऱ्या नगाला ठीक. दोनशे नगांना असं केलं तर प्रत्येकाला वेगळा मार बसतो, आणि वेल्डच्या मुळाशी तडा जाण्याची भीती राहते ती वेगळीच.

आम्ही काय करतो? पहिले तीन नग मुद्दाम काटकोनात लावून वेल्ड करतो, रात्रभर ठेवतो, आणि सकाळी सरफेस प्लेटवर (तपासणीच्या अगदी सपाट पाटावर) गुण्या व फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतो. समजा तिन्हींची टोकं २ मिमीच्या आसपास आत आली, तर फिक्स्चरमधला (भाग जागेवर धरणाऱ्या साच्यातला) आधार तेवढाच उलट्या बाजूला झुकवतो. बेसप्लेटखाली मध्यभागी पातळ पट्टी ठेवून बेसप्लेटच्या कडा खाली दाबून धरतो. आता वेल्ड ओढेल तेव्हा जॉब वाकडा होण्याऐवजी सरळ होईल. एक-दोन फेऱ्यांत पट्टीची जाडी ठरते आणि ती फिक्स्चरला कायमची बसवली जाते. या कामाला दोन-तीन दिवस जातात. "सॅम्पल आजच द्या" म्हणाल तर सॅम्पल देऊ, पण पुढचे दोनशे नग त्याच्यासारखेच येतील याची हमी त्या एका नगावरून देता येत नाही.

फिक्स्चर आणि क्लॅम्प

कोटेशनमध्ये फिक्स्चरची वेगळी ओळ दिसते आणि ती कमी करा असं अनेकदा सांगितलं जातं. ती कशासाठी असते ते सांगतो.

भाग जागेवर बसवायला खाली तीन टेकू, लांब बाजूला दोन, आणि टोकाला एक. याहून जास्त ठिकाणी घट्ट पकडलं तर भागाच्या मापातला बारीक फरक फिक्स्चरशी भांडतो. शिवाय वेल्डनंतर जॉब आकसतो. दोन्ही टोकांना पक्क्या पिना असतील तर तो तिथेच आवळून बसतो आणि हातोडीने काढावा लागतो. दहा वेळा हातोडी बसली की पीन सरकली, आणि अकराव्या नगाचं माप गेलं. म्हणून आम्ही एक टोक पक्कं धरतो आणि दुसऱ्या टोकाची पीन मागे ओढता येईल अशी देतो.

क्लॅम्पने (पकडीने) वाक जातो असं पुष्कळांना वाटतं. क्लॅम्प वाक कमी करतो, पण त्यातला काही भाग ताण बनून आतच राहतो. जॉब लाल-गरम असताना क्लॅम्प सोडला तर जॉब लगेच वाकतो. म्हणून हात लावता येईल इतका थंड झाल्यावरच सोडायचा, आणि माप घ्यायचं ते क्लॅम्प सोडल्यानंतरच. फिक्स्चरमध्ये पकडलेल्या जॉबचं माप नेहमीच छान येतं.

फिक्स्चर स्वतःही तापतं. सकाळी २५ अंशांना असलेलं एक मीटरचं फिक्स्चर दुपारपर्यंत ५५ वर गेलं तर सुमारे ०.३६ मिमी लांब झालेलं असतं. त्यासाठी वेल्डजवळ तांब्याचे ठोकळे देतो, ते उष्णता शोषतात आणि त्यांना स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) चिकटत नाही. मोठ्या लॉटला दोन फिक्स्चर आलटून-पालटून चालवतो. टेकूवर मिमीभर स्पॅटरचा मणी राहिला तरी पुढचा नग तिरका बसतो, म्हणून प्रत्येक नगाआधी तिथे ब्रश फिरवायचा हा आमच्याकडे नियम आहे.

क्रम

आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. ५० बाय ५० च्या चौरस ट्यूबच्या, ९०० बाय ६०० मापाच्या फ्रेम होत्या. दिवसपाळीतल्या फ्रेमचे दोन कर्ण एकमेकांशी मिलिमीटरभरात जुळत होते. रात्रपाळीच्या फ्रेममध्ये तीन मिलिमीटरचा फरक. फिक्स्चर तेच, मशीनचं सेटिंग तेच, तार तीच. दोन रात्री शेजारी उभं राहिल्यावर कारण सापडलं. दिवसाचा वेल्डर एक कोपरा झाला की समोरचा तिरका कोपरा घ्यायचा. रात्रीचा वेल्डर सोयीचं म्हणून एकामागून एक कोपरे गोल फिरत पूर्ण करायचा. त्यामुळे उष्णता एका बाजूने साठत जायची आणि फ्रेम तिकडे कलायची. वेल्ड दोघांचेही सुंदर होते. रात्रीच्या वेल्डरला दोष देण्यासारखं काही नव्हतं, कारण क्रम आम्ही कुठे लिहूनच ठेवला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक फिक्स्चरवर वेल्डचे आकडे रंगाने टाकलेले असतात, आणि वेल्ड कुठल्या दिशेला ओढायचा त्याचा बाणही. लांब सांध्याला सलग न जाता तुकड्यांनी मागे मागे येत भरतो. आधी सगळीकडे टॅक (भाग धरून ठेवणारे छोटे टाके), मग मधून बाहेरच्या बाजूला. वेल्डरने सेटिंग बदललं तर पत्रकावर नोंद करावी लागते. २२ व्होल्ट, १८० अँपिअर आणि मिनिटाला ४०० मिमी वेग धरला तर मशीन दर मिलिमीटरला सुमारे ०.६ किलोज्यूल ऊर्जा देतं. वेग निम्मा झाला की तीच दुप्पट. सावकाश चालवलेला वेल्ड भरलेला दिसतो, पण जॉब जास्त ओढतो.

टॉलरन्सबद्दल

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बऱ्याचदा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, म्हणून आयएसओ २७६८ मीडियम छापलेलं असतं. त्यानुसार ४०० ते १००० मिमीच्या मापाला ±०.८ मिमी मिळतात. हे मशीनिंगच्या कामाला साजेसं आहे. वेल्ड केलेल्या बांधणीसाठी आयएसओ १३९२० हे वेगळं मानक आहे. त्याच्या बी वर्गात तेवढ्याच मापाला ±३ मिमी आहेत, आणि सर्वांत कडक ए वर्गात ±२. आमचं म्हणणं एवढंच, की सगळ्या मापांना ०.८ मागू नका. ज्या दोन-चार मापांवर तुमचं मशीन बसतं त्यांच्याभोवती पेनाने गोल काढा. ती आम्ही जिवापाड सांभाळतो, गरज पडली तर वेल्डनंतर मशीनिंग करून. त्यासाठी पॅडवर (मशीनिंग होणाऱ्या जागेवर) ३ मिमी जादा जाडी ठेवावी लागते आणि भोकं शेवटी पाडावी लागतात. मशीनिंगनंतरही माप हलू नये असं असेल, तर आधी ६०० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून हळू थंड करून ताण काढावा लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगा, नंतर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) असेल तर हिशेब बदलतो. ते एमएसपेक्षा सुमारे दीडपट फुगतं, आणि उष्णता पसरवण्याची त्याची क्षमता एमएसच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच. उष्णता जागीच साचते. टॅक जवळजवळ मारावे लागतात आणि दरही वेगळा पडतो. जॉब नंतर गॅल्व्हनाइज होणार असेल तर तेही आधी कळवा. जस्ताचं टाकं ४५० अंशांच्या आसपास असतं, तिथे आतला ताण सुटून फ्रेम पुन्हा हलू शकते. आणि बंद ट्यूबला हवेचं भोक नसेल तर टाक्यात स्फोट होण्याचा धोका असतो, तिथे जीवाचा प्रश्न येतो.

चौकशी पाठवताना

ड्रॉइंगसोबत हे भाग कशावर बसतात ते कळवा. शक्य असेल तर तो समोरचा भागच काही दिवस आमच्याकडे ठेवा. आम्ही त्यावरून गो–नो गो गेज (भाग बसतो की नाही एवढंच तपासणारं साधन) बनवतो आणि प्रत्येक नग त्यावर लावूनच पाठवतो. एकूण नग किती आणि दर महिन्याला किती हेही लिहा, कारण वीस नगांचं फिक्स्चर आणि दोन हजार नगांचं फिक्स्चर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले नग मोजताना तुमचा माणूस इथे असला तर फार बरं पडतं. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी या. आदल्या दिवशी वेल्ड केलेले नग तोवर पूर्ण थंड झालेले असतात, आणि सरफेस प्लेट रिकामी ठेवलेली असते.