पंच मारताना श्वास कोंडू नका
(परळच्या कराटे क्लासमधल्या मुलांच्या पालकांसाठी आणि शनिवारच्या बॅचमधल्या मोठ्यांसाठी)

"सर, घरी दिवसभर उड्या मारतो, मग कुमितेत (जोडीदाराबरोबरच्या लढतीत) अर्ध्या मिनिटात धाप कशी लागते? काही टॉनिक सुरू करू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. टॉनिक नको, प्रोटीन पावडर नको, ग्लुकोजची बाटलीही नको. मूल तब्येतीने ठणठणीत असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: पंच आणि किक मारताना ते श्वास कोंडून धरतं.

घरीच बघा. मुलाला समोर उभं करून सलग दहा पंच मारायला सांगा. पंचांकडे बघू नका, तोंडाकडे आणि खांद्यांकडे बघा. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, खांदे कानांकडे चढलेले, आणि दहावा पंच झाला की मोठ्ठं हुश्श! म्हणजे दहा पंच एकाच कोंडलेल्या श्वासावर मारले गेले. जड बादली उचलताना आपण सगळे हेच करतो, त्यामुळे मुलाचा यात दोष नाही. पण बादली एकदाच उचलायची असते आणि कुमिते दोन-तीन मिनिटं चालते. श्वास कोंडून जोर लावला की छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि डोकं हलकं होतं. खांदे आखडल्यामुळे पंचही आखूड आणि संथ पडतो.

नियम सोपा आहे. तंत्र, म्हणजे पंच किंवा किक, सुटतं तेव्हा श्वास सुटतो. पंच लागायच्या क्षणी तोंडातून छोटा, तीक्ष्ण 'स्स', आणि त्याच क्षणी पोट घट्ट. सगळी हवा बाहेर टाकायची नाही, थोडी आत शिल्लक ठेवायची, म्हणजे पुढच्या तंत्राला उशीर होत नाही आणि पोटावर मार बसला तर धक्का झेलता येतो. जबडा मात्र मिटलेलाच हवा. तोंड उघडं असताना हनुवटीवर फटका बसला तर जीभ चावली जाते. कियाई म्हणजे हाच श्वास, पूर्ण ताकदीने आणि आवाजासकट सोडलेला. ती घशातून निघाली तर मुलाचा आवाज बसतो. ती बेंबीच्या खालून निघायला हवी, तिथल्या भागाला जपानीत तांदेन म्हणतात.

आता तक्रारीबद्दल. "फी कराटेची भरतो आणि मुलं जमिनीवर झोपलेली दिसतात," असं काही पालक म्हणतात. ते खरं आहे. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं नवी मुलं पाठीवर पडलेली असतात आणि पोटावर घडी केलेला बेल्ट ठेवलेला असतो. नाकाने श्वास घेताना तीन अंक, तोंडाने सोडताना सहा. बेल्ट वर आला पाहिजे, छाती जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी बेल्ट हलतच नाही. चौथ्या-पाचव्या तासाला तो होडीसारखा वरखाली होऊ लागतो आणि मूल स्वतःच हसतं. हे जमल्याशिवाय मी कुणालाही सानचिन हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) शिकवत नाही, आणि ही दहा मिनिटं मी कमी करणार नाही.

आम्ही शिकवतो ती कराटेची शैली म्हणजे गोजू-र्‍यू. 'गो' म्हणजे कठोर, 'जू' म्हणजे मृदू. एका जुन्या चिनी हस्तलिखितात श्वास घेणं-सोडणं हीच कठोरता आणि मृदुता असल्याचं म्हटलं आहे, तिथून हे नाव आलं. जपानमधल्या ओकिनावातल्या नाहा शहरातले चोजुन मियागी (1888–1953) यांनी ही शैली उभी केली आणि तिचा पाया ठेवला सानचिनवर. त्या कातात तीनच पावलं पुढे जायचं असतं, पण प्रत्येक हालचालीला श्वास मोजून द्यावा लागतो. म्हणून आमच्याकडे श्वास हा वॉर्म-अपचा भाग नाही, तोच विषय आहे.

माझा सर्वात जास्त वेळ कुठे जातो तेही सांगतो. मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी संपते आणि मूल मोबाईलवर व्हिडिओ बघून पुढचा काता पाठ करून येतं. हातपाय बरोबर, वळणं बरोबर, श्वास मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोंडलेला, कारण व्हिडिओत श्वास दिसत नाही. एकदा अंगात बसलेला काता सोडवायला मला तीन-तीन आठवडे लागतात. तोच काता नव्याने शिकवायला त्याहून कमी वेळ लागला असता. मुलाने उत्साहाने केलेलं असतं, त्याला रागावणं माझ्या जिवावर येतं. म्हणून कळकळीची विनंती: सुट्टीत जुनाच काता करून घ्या, हळू, प्रत्येक पंचाला 'स्स' ऐकू येईल असा.

घरात आजी-आजोबा प्राणायाम करत असतील तर ते मुलाला "श्वास रोखून धर" सांगतात. कुंभक त्याच्या जागी योग्यच आहे, पण ते बसून, शांतपणे आणि जाणत्याकडून शिकून करायचं असतं. फटक्याच्या क्षणी नाही.

बेल्ट कुठे बांधता याकडेही लक्ष द्या. पॅन्ट घसरू नये म्हणून बऱ्याच आया तो बेंबीच्या वर करकचून आवळतात. मग पोट फुगणार कुठे? श्वास छातीतच अडकतो. बेल्ट बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे आणि गाठीमागे दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. पॅन्ट सांभाळायला नाडीवाली पॅन्ट घ्या. आमच्याकडचे ड्रेस नाडीचेच असतात, सुती आणि जरा सैल. बाहेरून आणलात तरी चालेल, फक्त नाडी बघून घ्या.

क्लासला येताना गेटवरचा वडापाव नको. भरल्या पोटाने पोटातून श्वास घेता येत नाही. जेवण दोन तास आधी, अगदीच भूक असेल तर अर्धा तास आधी एक केळं.

दमा असलेल्या मुलाचा इनहेलर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि मला दाखवून ठेवा. कराटेने दमा बरा होतो असं आम्ही सांगत नाही, डॉक्टर म्हणतील तेवढंच करून घेतो. डिसेंबर-जानेवारीत हवा धुरकट असते, त्या दिवसांत मैदानातलं धावणं बंद करून आम्ही हॉलमध्येच सराव घेतो. मोठ्यांपैकी कुणाला रक्तदाब किंवा हर्निया असेल, किंवा कुणी गरोदर असेल, तर जोरात आवाज काढून करायचा इबुकी श्वास करायचा नाही. नोगारे हा शांत प्रकार आहे, पण तोही डॉक्टरांना विचारून आणि मला सांगूनच.

शनिवारी सकाळी सात वाजता मोठ्यांची बॅच असते. मुलाला सोडायला येणारे पालक बाकावर तासभर मोबाईल बघत बसतात, त्यांना पहिले दोन तास विनाशुल्क आहेत. ड्रेस लागत नाही, सैल कपडे आणि अंथरायला एक चादर पुरे.