ओवीचे शब्द मराठीत, चाल वाऱ्यावर

दौलताबादच्या सहली भुलभुलैया बघून परततात; तिथल्या संगीताचा विषय सहसा निघत नाही. तेराव्या शतकात याच देवगिरीवर, यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा गृहस्थ काश्मिरी घराण्यातला, नोकरी हिशेबखात्यात. पण त्याच्या संस्कृत ग्रंथात ओवीही येते: सयमक तीन खंड, देशी भाषेत गायचे, शेवटी ‘ओवी’ हे पद. त्याआधी 1129च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कोण गाते, काम कोणते चालू आहे, हे गाण्यासोबत नोंदवण्याची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

विद्यापीठांतला एथ्नोम्युझिकॉलॉजी, म्हणजे संगीत ते गाणाऱ्या समाजासकट अभ्यासण्याचा विषय, मात्र यंत्राच्या पाठीवर बसून आला. 1877 साली फोनोग्राफ निघाला आणि गाणे घरी नेऊन पुन्हा ऐकता येऊ लागले. 1885 साली अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने सप्तकाचे 1200 बारीक भाग (सेंट) करून निरनिराळ्या देशांचे स्वर मोजले. विषयाला हे नाव रूढ झाले ते याप कुन्स्ट या डच अभ्यासकामुळे, 1950 साली. भारतात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रहालय 1982 साली उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात अशोक रानडे यांनी लोकसंगीताचा विचार शास्त्रीय संगीताच्या बरोबरीने केला.

मराठवाड्यात विद्यापीठच उशिरा आले. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948ला संपली, तोवर उच्च शिक्षणासाठी तोंड हैदराबादकडे. मराठवाडा विद्यापीठ 1958चे, नांदेडचे 1994चे. लोकपरंपरा विद्यापीठात शिरली ती मराठी विभागाच्या दाराने. प्रभाकर मांडे यांनी गावगाड्याबाहेरच्या जमाती, मागते, लोककलावंत यांच्यावर आयुष्य घातले. काम मोठेच, पण साहित्याच्या विभागात देवीचा गोंधळ शेवटी कागदावर उतरतो, त्यात वाजणारी संबळ मागे राहते. दुसरीकडे संगीताचा अभ्यासक्रम भातखंडे-पलुसकरांच्या वळणाचा: राग, ताल, स्वरलिपी. भातखंडे लिपीत संबळीचा ठेका बसवून पाहावा म्हणजे अडचण कळते.

मधली जागा भरली विद्यापीठाबाहेरच्यांनी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या समाजसंशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सुरुवातीला नुसते शब्द, आवाज नव्वदच्या दशकात, संगीत-संशोधक बर्नार्ड बेल सोबत आल्यावर. माजलगावच्या भीमनगरात 1996 साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ऐकल्यावर कळते की चाल जात्याची तीच, विषय मात्र नवा. छापील ओळींत हे दिसणे शक्यच नव्हते.

आज एखाद्या मुलीला तुळजापूरच्या आराध्यांच्या, म्हणजे देवीची गाणी गाणाऱ्या भक्तांच्या, गाण्यावर पीएच.डी. करायची असेल, तर नोंदणी कुठे करायची हाच पहिला पेच. मराठी विभाग संहिता मागणार, संगीत विभाग राग विचारणार. आणि रेकॉर्डर तिने स्वतःच्या पैशाने घ्यायचा.